ताईने संपवलेलं ताट

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझी पन्नाशी झाली आणि आपली भेट काही झाली नाही. तेव्हा शनिवारी तू आणि भावोजी आमच्या हॉटेलात जेवायला या. पाण्याकडचं, अगदी काचेला लागून असलेलं टेबल मालकांना सांगून धरून ठेवलं आहे. तिथून सगळं शहर दिसतं म्हणे; मला स्वयंपाकघरातून बारा वर्षांत फक्त परत आलेली ताटं दिसली. तुमचं सगळं मी स्वतः करणार. भावोजी काट्यांना घाबरतात हे विसरलेलो नाही, त्यांच्यासाठी बिनकाट्याचा मासा बघून ठेवतो.

माझ्या त्या तापाची आता काळजी नको. बाकी लोभाची सवय मोडू नकोस.

तुझा धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पाण्यापलीकडून शहर इतकं शहाण्यासारखं दिसतं, हे माहीत नव्हतं. दिवे लागत गेले तसे हे एकेक इमारत ओळखून मला सांगू लागले. वाढपी म्हणाला, त्यातल्या निम्म्या चुकल्या. मला मात्र प्रत्येक दिव्यामागे कुणीतरी जेवायला बसलं असेल असं वाटून उगाच बरं वाटत होतं.

आता खरं लिहिते. ह्यांचं ताट उत्तम होतं. माझा मासा मात्र वास मारत होता. पहिल्याच घासाला कळलं. परत पाठवला असता तर मालकांसमोर तुझी मान खाली गेली असती, म्हणून लिंबू पिळून पिळून सगळा संपवला. दोन दिवस पोटाने सूड उगवला, आता बरी आहे.

काळजी तुझी वाटते. दूध नासायच्या आधी सांगणारं तुझं नाक. त्याच्याखालून हे ताट गेलंच कसं? शेजारच्या टेबलावर एक बाई लहान मुलीला भरवत होती. त्या पोरीपुढेही तोच मासा आला असेल का, हे मनातून जात नाही. त्या बाईला तरी मी का सांगितलं नाही, कोण जाणे. तू तरी लपवू नकोस.

तुझीच काळजी करणारी,
ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र भर कामात वाचलं. तापानंतर मला वास येत नाही. कशाचाच नाही. डॉक्टर म्हणतात, येईलही, न येईलही. मी डोळ्यांवर आणि बोटांवर निभावून नेत होतो. मासळीच्या हॉटेलातल्या आचाऱ्याला नाक नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

काल मालकांना सगळ्यांसमोर सांगितलं. तुझं आजारपणही सांगितलं आणि मला काढून टाका म्हणालो. तेवढ्यात माझ्या हाताखालची आचारीण पुढे झाली. सदानकदा मासळीच्या पेट्यांत तोंड घालते म्हणून मी तिला येता जाता बोलत असे. ती म्हणाली, तिला हे केव्हाच कळलं होतं. रोज माझ्याआधी येऊन ती सगळा माल हुंगायची आणि खराब तेवढा फेकून द्यायची. शनिवारी तिची आई आजारी होती, म्हणून ती आली नव्हती.

ताई, मला वाटत होतं मी सावरलो आहे. मला सावरत होती ती, आणि त्या संध्याकाळी तू. मालकांनी मला काढलं नाही; आजपासून ती मुख्य आचारी आणि मी तिच्या हाताखाली. पद गेल्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण रात्री झोप लागली. शेजारच्या टेबलावरच्या त्या पोरीची नोंदवहीतल्या नंबरावर फोन करून चौकशी केली, ती सुखरूप आहे.

माफी मागायची असते तशी मागता येत नाही, समजून घे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा

२१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ऐकून बराच वेळ चष्मा पुसत बसले. तुझ्या त्या आचारिणीला माझा नमस्कार सांग. आणि हेही सांग, की तिने तुला आधीच तोंडावर सांगायला हवं होतं. मीही. माणूस दुखावेल म्हणून आपण गप्प राहतो आणि तो एकटाच धडपडत राहतो.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा येतो. ताट बरं नसेल तर ह्या वेळी सगळ्यांदेखत परत पाठवीन. तू तोंड लपवू नकोस, दुसरं कर. ते होईपर्यंत मी बसून राहीन.

तुझी,
ताई