सहासष्ट की चौऱ्याहत्तर

३ मार्च
झाली एकदाची परीक्षा! लवॉन सव्वीस वर्षांचा घोडा, आणि दवाखान्यातल्या टिबेटबाईंनी त्याला ठोकळे जुळवायला बसवलं. अकलेचा आकडा आला सहासष्ट. सत्तरच्या खाली हवा होता. म्हणजे नापास झाला तर पास — असला उफराटा कारभार! आता सरकारी देखभालीच्या घरात त्याला जागा मिळेल. माझं काळीज थकलंय असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून मला तेवढंच हवंय.
शेजारची अर्लीन म्हणते, "ओझेला, नातू नापास झाला म्हणून केक करणारी तूच पहिली!" केला. लिंबाचा. तिनंच तीन तुकडे हाणले.

६ मार्च
जागा देणाऱ्या काउंटीच्या सरकारी ऑफिसातून फोन. टिबेटबाईंच्या आकड्यावर भरवसा नाही म्हणे. त्यांचा माणूस तीच परीक्षा पुन्हा घेणार. घ्या बाबा.

११ मार्च
लवॉननं पातेलं पेटत्या गॅसवर ठेवलं आणि कुत्र्याशी खेळायला गेला. पडदा जळाला. उद्या मी नसले तर घर जळेल.

१७ मार्च
दुसरी परीक्षा. हॉलिससाहेब, टाय, चकाकते बूट. आधी नुसत्या गप्पा.
"स्वयंपाक येतो?" — "होय सर."
"एकटा राहशील?" — "होय सर."
आमच्या मिसिसिपीत पोराला बोलता येऊ लागलं की आधी हेच शिकवतात — परक्या मोठ्या माणसाला नाही म्हणायचं नसतं. हा तर कशालाही होय म्हणेल! मी म्हटलं, "साहेब, त्याला विचारा, चंद्रावर जाऊन आलास का."
मलाच बाहेर बसवलं.

२४ मार्च
चौऱ्याहत्तर! जागा नाही. पटत नसेल तर ९ एप्रिलला सुनावणीत सांगा म्हणे.
दोन आठवड्यांत अक्कल एवढी वाढली? माझ्या परसातली भाजीसुद्धा एवढी वाढत नाही.

२६ मार्च
टिबेटबाईंकडे गेले. दोन जिने. मध्ये दोनदा बसले.
बाई म्हणाल्या, "तीच परीक्षा लगेच पुन्हा दिली की सराव होतो, आकडा फुगतो. शिवाय ही परीक्षा जुनी. तेव्हाच्या लोकांशी ताडून आकडा काढतात. हल्लीचे लोक अशा कोड्यांत त्यांच्यापेक्षा सरस, म्हणून जुन्या मापानं सगळेच जरा हुशार दिसतात."
"म्हणजे मासळीवाल्याचा काटा बिघडलाय, आणि तो म्हणतोय मासा जाड."
हसल्या. "आणि काटा चांगला असला तरी आकडा चार-पाचानं इकडे-तिकडे होतोच."
"मग त्या चार-पाचापायी माझ्या पोराला दाराबाहेर का उभं करता?"
बाईंनी तारीख लिहून घेतली. सुनावणीला येते म्हणाल्या.

२ एप्रिल
दमले. चर्चलाही गेले नाही. अर्लीननं सूप आणलं, वर शहाणपणही आणलं.

९ एप्रिल
सुनावणी. टिबेटबाईंनी सरावाचं, जुन्या मापाचं सगळं नीट मांडलं. हॉलिस म्हणाले, "आकडा तो आकडा."
मी विचारलं, "तुमचं वजन सकाळी उपाशीपोटी आणि थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणानंतर एकच भरतं का हो?" अध्यक्षबाईंनी रुमाल तोंडाला लावला.
"आणि तो कशालाही होय म्हणतो. विचारून बघा काहीही."
अध्यक्षबाई गोऱ्या, आम्ही काळे. लवॉनला म्हणाल्या, "बाळा, मी तुझी आई का?"
"होय बाई."
कोणी हसलं नाही. मीही नाही.

१४ एप्रिल
फोन आला. मंजूर! सहासष्ट धरणार. सोमवारी गाडी न्यायला येईल. दुपारभर मेल्यासारखी झोपले. आता खुशाल मरायला मोकळी.

१५ एप्रिल
लवॉनला सांगितलं, जागा मिळाली. त्यानं कुत्र्याला जवळ ओढलं. मग म्हणाला, "आजी, पहिल्या वेळी कमी मार्क आले म्हणून तू मला दूर पाठवणार होतीस. म्हणून दुसऱ्या वेळी मी खूप जोर लावला."