उसण भरली म्हणून

जालना,
४ मार्च २०२५

चि. दैवशाला हीस,
वंदनाक्काचे अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. नावामागे सवयीने 'सौ.' लिहायला निघाले होते. 'गं. भा.' मी लिहिणार नाही. नुसती दैवशाला पुरे.

सोमेश्वरची तपासणी झाली. अंगद गेला तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं की हा आजार घराण्यात उतरतो, भावंडं आणि मुलं तपासून घ्या. माझी महाधमनी सरळ निघाली, स्वभावासारखी. तुझ्या मुलाची तशी नाही. हृदयातून निघणारी ती मोठी रक्तवाहिनी त्याच्यात मुळाशी जवळजवळ दुप्पट फुगली आहे. बापाची उंची, बापाचीच लांबसडक बोटं, म्हणून आपण त्याचं कौतुक करायचो. डॉक्टर त्यालाच या आजाराची खूण म्हणाले.

तुझ्या शेतातला लपेटा पाईप आठव. एका जागी फुगा आला की तू मोटार बंद करतेस, फुटायची वाट पाहत नाहीस. अंगदच्या वेळी आतला पदर आधीच फाटला होता आणि रक्त दोन पदरांच्या मधून धावत होतं. सोमेश्वरचा अजून शाबूत आहे. आत्ताच फुगलेला भाग काढून तिथे कापडी नळी शिवायची, असं ठरलं आहे.

पण तो म्हणतो, आई आली तरच टेबलावर झोपेन. आणि तू त्याला निरोप दिलास, की दवाखान्याच्या पायरीला मी पाय लावणार नाही. बापाविना पोराला असं सांगणारी तू नाहीस. मग हे काय आहे? कारण लिही. वाईट असलं तरी लिही.

ह्यांची तब्येत ठीक. तुझ्या हाताच्या लोणच्याची चौकशी करतात, पण मी बरणी लपवली आहे, रक्तदाब आहे त्यांना.

माया आहे म्हणूनच ओरडते, हे धरून चाल.
वंदना

केदारखेडा,
११ मार्च २०२५

ति. अक्का यांस,
दैवशालेचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं. शाळेची नोटीस आल्यावानी वाटलं. भ्याले, मंग दोनदा वाचलं. इकडं गहू निघून राह्यला. यंदा दाणा बारीक हाय. लोणचं पुन्हा धाडते, भाऊजींना चोरून द्या.

तुम्ही कारण विचारलं. तुम्हाला माहीत हाय, मी पायाळू. पायाकडून जन्मले म्हणून कुणाला उसण भरली, पाठ धरली, की लोक माझा पाय लावून घ्यायला यायचे. लग्न ठरलं तव्हा यांनी चेष्टा केल्ती, की बाकीच्यांना लाथ लग्नानंतर कळते, मी आधीच विचारून करून राह्यलो.

त्या दिवशी यांनी कापसाचं गाठोडं उचललं अन् दोन्ही खांद्यांच्या मधी कळ आली. आतून कुणी फाडून राह्यलं, असं म्हणले. मी म्हणले उसण भरली. ते अंगणात पालथे झोपले, मी डावा पाय ठेवला. तळव्याखाली धडधड लागली. म्हणले, जोरात दाब. मी दाबलं, अक्का. उठले तव्हा सगळं अंग घामानं भिजल्तं. मंग गावातल्या दवाखान्यात गॅसचं इंजेक्शन दिलं, बराबर वाटंना म्हणून जालन्याला नेलं. पुढं संभाजीनगरच्या ॲम्ब्युलन्समधी एकच माणूस बसतं म्हणले, शिकलेलं माणूस जाऊ द्या म्हणले. तुम्ही बसल्या. मी रस्त्यावर राह्यले.

शेजारची साळूबाई दर आठवड्याला पाय लावून घ्यायची. आता माझ्या दारावरून जाताना पाठीवर पदर ओढून घेती.

ज्या पायाखाली बाप गेला तो पाय मी पोराजवळ कसा न्यावा? तुम्ही सायन्स शिकल्या. बिलकुल खरं सांगा, मन राखायला सांगू नका. माझ्या पायानं फाटलं का?

तुमची सावली हाय तशी राहू द्या.
दैवशाला

जालना,
१७ मार्च २०२५

चि. दैवशाला हीस,
आशीर्वाद.

मन राखायला मी कधी काही सांगितलेलं नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. तुझा प्रश्न तुझ्याच शब्दांत शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारला. पायाळू म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं. ते हसले नाहीत.

ते म्हणाले, कळ आली तीच फाटण्याची. अंगद पालथा झोपला तेव्हा आतला पदर फाटलेलाच होता. ही वाहिनी छातीच्या पिंजऱ्यात खोल, कण्याला लागून असते. तळव्याचा दाब तिथवर पोचत नाही. फाडलं ते आतल्या दाबाने, रक्ताच्या. तुला लागलेली धडधड घाबरलेल्या माणसाच्या हृदयाची होती.

तू खरं मागितलंस, म्हणून उरलेलंही लिहिते. वेळ गेला. अशा फाटण्यात तासागणिक माणूस हातातून जातो. तू उसण म्हणालीस, दवाखान्याने गॅस म्हटलं, फोनवर मीही शेक दे म्हणाले. आपल्याकडे पाठीच्या कळेला एकच शब्द आहे आणि त्या शब्दावर उपाय ठरलेला आहे. तो शब्द आपण सगळ्यांनी वापरला, एकट्या तुझ्या पायावर घेऊ नकोस. लवकर पोचलो असतो तर वाचलाच असता का, हे मी विचारलं. डॉक्टरांनी सांगता येत नाही म्हटलं. मीही सांगू शकत नाही.

आता एक गोष्ट, जी तुला कळायला हवी होती. संभाजीनगरला अंगदच्या छातीच्या फोटोत दोन पदर स्पष्ट दिसले आणि त्याला थिएटरकडे नेऊ लागले, तेव्हा त्याने माझा हात धरला. म्हणाला, अक्का, दैवशालेला मागच्या गाडीने आणा, तिनं पाय लावला तेवढा घडीभरच बरं वाटलं होतं. दारापर्यंतही पोचला नाही गं. दिवसपाण्याच्या गर्दीत हे सांगायला गेले आणि प्रत्येक वेळी माझाच आवाज गेला, म्हणून राहिलं.

सोमेश्वरची तारीख ठरली आहे. छाती उघडून हृदय काही वेळ थांबवतात, रक्त मशीन फिरवतं, आणि तेवढ्यात ती कापडी नळी टाके घालून बसवतात. मी नमुना पाहिला. पांढरी, चुण्यांची. टाका तुझ्या वाकळीच्या टाक्याहून बारीक. धोका नाही असं मी म्हणणार नाही. न केल्यास काय होतं ते तू पाहिलं आहेस.

ये. दोन्ही पायांनी ये.
तुझी अक्का

छत्रपती संभाजीनगर,
९ एप्रिल २०२५

चि. दैवशाला हीस,
आशीर्वाद.

आज सोमेश्वर वॉर्डात चालला. नळी नीट बसली आहे, तपासणीत गळती नाही. वरणभाताला नावं ठेवतो, म्हणजे बरा आहे. पुढच्या आठवड्यात सोडतील. मी आहे इथे, काळजी नको.

तू आलीस, पायरी चढलीस, थिएटरच्या दारात बसून राहिलीस. तो बाहेर आला तेव्हा तुझ्या तोंडाकडे मला बघवलं नाही. पण परवा तो शुद्धीत हसत म्हणाला, आई, पाठ धरलीय, पाय लाव. छाती उघडली की पाठ धरतेच, असं सिस्टरही म्हणाल्या. तू पांढरीफटक पडलीस, चपला हातात घेऊन बाहेर गेलीस, आणि दुपारच्या गाडीने गाव गाठलंस. पोराला वाटतंय त्याचं काही चुकलं. मी त्याला सांगितलं, गहू घरात घ्यायचा होता.

रागवायला बसले होते. जमलं नाही. डॉक्टरांचं म्हणणं तुझ्या डोक्यात गेलं आहे, पायात उतरलेलं नाही. उतरेल तेव्हा उतरो.

निघताना तू अंगदच्या वस्तूंबद्दल विचारलं होतंस. त्या दिवशी सिस्टरने माझ्या ओंजळीत दिल्या, तेव्हापासून माझ्याच कपाटात आहेत. सोमेश्वरचा मित्र धम्मपाल उद्या केदारखेड्याला येतो आहे, त्याच्या हाती देते: अंगदचा करदोडा, कापलेला. चष्मा, खोक्यासह. चप्पल, डाव्या पायाची. उजवी ॲम्ब्युलन्समध्ये राहिली. शोधली, मिळाली नाही.

पोचल्याचं ह्याच कागदाखाली लिहून परत धाड.
वंदना

अक्का,
तिन्ही वस्तू मिळाल्या. करदोडा देवापाशी ठेवला. चष्मा पुसला. चप्पल उंबऱ्याच्या आत ठेवली. ठेवायच्या आधी डावा पाय घालून पाह्यला. मोठी होती.
दैवशाला