खारट पाण्यातली रोपे, तीन मिनिटांत

३ फेब्रुवारी, सोमवार

एका वाक्यात! चार वर्षांचे काम मी एका वाक्यात सांगावे, अशी त्या गृहस्थांची आज्ञा आहे. आपले संशोधन मंचावरून तीन मिनिटांत, एकाच चित्रासह सांगायचे, अशी स्पर्धा आहे; तिच्यासाठी विद्यापीठाने हे प्रशिक्षक नेमले आहेत. हातात घड्याळ आणि तोंडात "पुढे, पुढे!" मी त्यांचे नाव घड्याळवाले ठेवले आहे. मनातल्या मनात, अर्थातच.

मी उभी राहिले. "क्षारयुक्त मृदेतील जीवाणूंच्या सान्निध्यात—" एवढेच झाले होते.

"ताई, आधी ते पाठ्यपुस्तक मिटा बघू!"

सगळे हसले. माझे कान तापले. चोख उत्तर सुचले, पण घरी पोचून चप्पल काढताना.

५ फेब्रुवारी, बुधवार

आजची कात्री: कोष्टके गेली, अपवाद गेले, प्रयोगाची मांडणी गेली. "मांडणी सुरू केलीत की माणसं मोबाईल काढतात." काढू देत! मी काय साबण विकायला निघाले आहे?

मार्गदर्शक मॅडमही त्यांच्याच बाजूच्या. "अगं, आपला निबंध छापायला गेलाय. ही स्पर्धा जिंकलीस तर शिष्यवृत्ती आणखी वर्षभर मिळेल. नाहीतर महिनाअखेरीस तुझं टेबल रिकामं करावं लागेल. एक वाक्य पाठ कर आणि जरा हस."

वाक्य असे: हे जीवाणू मातीत मिसळले की रोपे खारट पाण्यावरही जगतात.

दहा वेळा म्हटले. हसू एकदाही आले नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

गृहपाठ: "ज्याला तुमच्या विषयातलं ओ की ठो कळत नाही, अशा माणसाला सांगून बघा." आईला सांगितले. ती घरात पंख्याखाली दोन दांड्यांवर कपडे वाळत घालत होती. तिला ते एकमेव चित्र दाखवले. वरच्या फळीवर साध्या मातीचे ट्रे, रोपांनी मान टाकलेली. खालच्या फळीवर जीवाणू मिसळलेले ट्रे, रोपे टवटवीत.

"अगंबाई, वरची पार वाळली की!"

"त्यांच्या मातीत जीवाणू नाहीत ना."

"आणि चित्रात हा पंखा? तो वरच आहे ना? माझ्या वरच्या दांडीवरचं बघ, नेहमी आधी वाळतं."

मी खेकसले. "आई, तुला प्रयोगातलं काय कळतंय!"

तिने उरलेले चिमटे बादलीत टाकले आणि आत गेली.

९ फेब्रुवारी, रविवार

घास उतरला नाही.

साधी माती वर का? कारण मीच ठेवली, पूर्ण विचार करून. जीवाणूंच्या ट्रेमधले पाणी ठिबकून साध्या मातीत जाऊ नये, म्हणून ते ट्रे कायम खाली. चार वर्षे! एकदाही अदलाबदल केली नाही. वहीत "विशेष दक्षता" असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत. पंख्याने पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. मग वरची माती रोज थोडी अधिक खारट होत गेली असणार. निष्काळजी मुलीच्या हातून ही चूक झालीच नसती. तिने ट्रे कुठेही ठेवले असते!

प्रयोगशाळेत जाऊन दोन्ही फळ्यांवर पाण्याचे एकेक भांडे ठेवून आले. सारखेच मोजून.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वरच्या भांड्यातले पाणी खालच्यापेक्षा दुपटीने घटले आहे.

जीवाणू निरुपयोगी ठरत नाहीत. उपयोगी आहेत असेही म्हणता येत नाही. मला माहीत नाही! चार वर्षांनी एका वाक्यात सांगण्यासारखे हाती आहे ते एवढेच.

आईची माफी मागितली. "बरं बरं. आधी दोन घास खा," म्हणाली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मॅडमना सांगितले. त्यांनी आधी उठून दार लावले.

"कुणाला बोललीस?"

"आईला."

"आईचं ठीक आहे." मग माझ्या वहीकडे न पाहताच: "निबंध गेलाय, त्यावर माझं नाव आहे. आणि तीन मिनिटांत तुला फळी कोण विचारणार आहे?"

म्हणजे आखूड बोलण्याचा हा उपयोग! इतके दिवस मी त्या घड्याळवाल्यांवर दात खात होते. ते बिचारे फक्त वेळ मोजत होते. झाकायचे होते ते यांना! आणि मी काय म्हणाले? "विचार करते, मॅडम." कशाचा विचार? त्यांच्या टेबलावरचे पेपरवेट उचलून आपटायला हवे होते. मी ते सरळ करून ठेवले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

स्पर्धेतून नाव मागे घेण्याचा अर्ज लिहिला. फाडला. पुन्हा लिहिला. अक्षर फार सुरेख आले, त्याचाही संताप आला. फाडला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मंचावर गेले. पहिले वाक्य: "आमचा निष्कर्ष चुकला आहे, आणि तो माझ्या हातून कसा चुकला ते या एका चित्रात दिसतं." मॅडम दुसऱ्याच मिनिटाला उठून गेल्या. मी थांबले नाही. टाळ्या झाल्या नाहीत. मग परीक्षकांच्या रांगेतून एक बाई हळूच म्हणाल्या, "आमच्या प्रयोगशाळेतही साधी माती वरच ठेवतात."