महमूदभाईंनी अडवलेली पेनल्टी

२५ नोव्हें.
गुडघे बोलतायत. सकाळभर महमूदभाईंच्या चरित्राचं प्र. ७ घेऊन बसलो. चार ओळी झाल्या, त्यातल्या दोन खोडल्या. चौक गावचे गॅरेजवाले महमूदभाई, गावाच्या फुटबॉल टीमचे गोलकीपर. पळसदरीविरुद्ध शेवटच्या मिनिटाला पेनल्टी अडवून कप आणला, तेच हे प्रकरण. दुपारी टीव्हीवर फुटबॉलचा विश्वचषक लावला. लाल विरुद्ध पांढरे. ही म्हणाली, "पोस्टातून सुटलात नि हे घेऊन बसलात. माणसं एक तर मेलेली, नाहीतर परदेशातली."


२८ नोव्हें.
गोल झाला की नाही, यावर सामन्यात खोळंबा. रेफ्री कडेला जाऊन पडद्यावर बघतो. चहूबाजूंनी चित्रण, तरी भांडण मिटत नाही. माझ्याकडे साक्षीदार एकच: ती पेनल्टी मारणारे पळसदरीचे तुकारामदादा. गेल्या वर्षी म्हणाले होते, "अडवली ना. वाघ होता महमूद." वहीत तेवढंच. कुठल्या हाताने अडवली, विचारलंच नाही. परत जाणं आलं. अंगात त्राण नाही, पण...

३० नोव्हें.
पळसदरी. एकटाच गेलो. तुकारामदादा उन्हात बाजेवर. कुठला हात, विचारलं. उठून बसले. मग म्हणाले, "हात लावलाच नाय रं त्यानं. मीच भाएर मारला."
बांबूचे दोन खांब, जाळी नाही, त्यात धुरळा. चौकवाल्यांनी महमूदभाईंना खांद्यावर घेतलं, मग कोण कुणाला विचारतंय.
"मग मागच्या वर्षी?"
"त्याचा सलीम बाजूला बसलेला. लेकासमोर बापाचं उणं काडू?"
चूक माझीच. गुडघ्यांपायी सलीमच्या गाडीवर बसून गेलो होतो. पोस्टात जन्म काढला, ज्याचं पत्र त्याच्याच हातात द्यायचं एवढं कळत होतं. इथे नेमकं विसरलो.

४ डिसें.
सलीमचा फोन. शुक्रवारी नमाजानंतर या, फुफीला प्रकरण वाचून दाखवा. जुबेदाआपा, महमूदभाईंच्या थोरल्या बहीण. अंथरुणाला खिळल्यात, डॉक्टरांनी फार दिवस दिलेले नाहीत. त्यांना भावाचा कप ऐकायचाय.
खोटं वाचू? की खरं वाचून त्या माउलीला जाता जाता...
ही म्हणते, "मेल्या माणसाचा कप काढून तुमच्या पदरात काय पडणार?" काही नाही. पण छापलं की पुढचे तेच धरून चालणार. आणि दादांनी इतकी वर्षं पोटात ठेवलेलं आता माझ्याही पोटात आहे. सामना लावला. बघवला नाही.

९ डिसें.
चौक. सलीमने चहा दिला नि दाराला टेकून उभा राहिला. वाचायला लागलो. मैदान, धुरळा, दादा धावत आले, चेंडूला पाय लागला. तिथे थांबलो. चष्म्याचं निमित्त केलं.
आपांचे डोळे मिटलेले. म्हणाल्या, "मी होते रं तवा. गोलाच्या मागंच, चिंचेखाली."
सलीम हसत म्हणाला, "मग सांग ना फुफी, कशी अडवली?"
आपांनी डोळे उघडले. त्याच्याकडे बघत राहिल्या.
"वाघ होता तुझा बाप."
हे शब्द माझ्या वहीत आधीच आहेत, दादांच्या नावावर.
मंगळवारी सलीम गॅरेजचं सामान आणायला पनवेलला जातो. तेव्हा एकट्याने आपांकडे यायला जमेल का, गुडघ्यांना विचारून बघतो.