पेन्सिल हळदीच्या डब्यात

१२ एप्रिल १९७८

ठरलं! या उन्हाळ्यात वाचायचं. वाचायचं म्हणजे गोष्ट वाचायची. किती पुस्तकं ते ठरवलेलं नाही. आवडलं नाही तर अर्धवट परत. दुपारी कूलरसमोर खाट, उशाशी सुरई – बस्स.

उभा जन्म छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. एकेक अक्षर उचलायचं, ओळ लावायची, आणि तपासायची तीही उलटी, अक्षरांचे पाय वर. परवा निरोपाच्या दिवशी मालकांनी हार घातला. म्हणाले, रुपरावांच्या हातून किती पुस्तकं गेली, गणतीच नाही. घरी येताना सिंधू सहज बोलली, त्यातली एक गोष्ट सांगा ना. एकही आठवेना! बायको हसली नि विसरली. मला मात्र ते लागून राहिलं आहे.

१५ एप्रिल

वाचनालयात गेलो. तिथल्या मनोहररावांना म्हटलं, ज्यात गोष्ट आहे असं कोणतंही द्या. त्यांनी जाडजूड कादंबरी दिली. पहिल्याच पानावर छपाईची चूक! पेन्सिल काढली.

१६ एप्रिल

चुका ढीगभर सापडल्या. गोष्ट? कोणी एक बाई आहे. बाकी पत्ता नाही.

२० एप्रिल

पुस्तक बदललं. तेच! डोळा ओळीवरून चालतच नाही, अक्षराला ठेचकाळतो. दोन शब्दांत जागा जास्त सुटली की तिथंच अडतो. चिडून पुस्तक खाटेखाली टाकलं.

सिंधू म्हणाली, छापखाना सुटला, पण तुम्ही अजून तिथंच उभे.

खरं लिहितो – भीती वाटली. मला तेवढंच येत असेल तर? आता हातही थांबले. मग उरलेल्या आयुष्याचं करू काय?

२४ एप्रिल

आज तिनं पेन्सिलच उचलली आणि हळदीच्या डब्यात खुपसली. मी बघतच राहिलो.

"मले वाचून दाखवा," म्हणाली. "मोठ्यानं. ऐकणाऱ्याले चुका दिसत नाही."

चौथी झालेली आहे, स्वतः वाचते, पण ओळीखाली बोट फिरवत. वाचून दाखवायला पहिलीच कादंबरी पुन्हा आणली. मनोहररावांनी चष्म्यावरून पाहिलं. पाहू दे.

२ मे

ऊन नुसतं भाजून काढतंय. दुपारी दार लावून वाचतो. चूक दिसली की कडू गोळीसारखी गिळतो. अडखळलो की सिंधू 'पुढं' म्हणते. गोष्टीतली ती बाई लहानपणीच दुसऱ्या घरी दत्तक दिलेली आहे. तिला सख्खा भाऊ आहे हे तिला आत्ता कळलंय.

स्वयंपाकघरातून सिंधू विचारते, भेटन का हो तो? मला काय माहीत! पण आज जेवताना मीही तोच विचार करत होतो.

९ मे

भेटला! ती त्याच्या दारात उभी आहे आणि तो विचारतोय, कोण पाहिजे? मला पुढं वाचवेना. सिंधूचा कैरी किसता किसता हात थांबला.

"थांबून काहून राहिले? वाचा ना!"

"वाचतो वं."

प्रकरण संपेपर्यंत वाचलं, पाण्यालाही उठलो नाही. ती पदरानं डोळे पुसत होती. मी भिंतीकडं बघितलं.

१० मे

सकाळी सिंधू कालचा प्रसंग पुन्हा वाचायला बसली आणि मला हाका मारू लागली. भावाच्या दारातलं ते अख्खं पान उलटं छापलेलं आहे – डोकं खाली, पाय वर! कोण्या भैताडानं पान उलटं बसवलं आणि तसंच छापलं.

"तुमी तं पुस्तक फिरवलंही नाही," ती म्हणाली. "मी समोरच होती."

मला दारातली बहीण तेवढी दिसली होती.