उजेडाचं औषध

प्रिय वहिनी,

आज सुरतेच्या लॅबमध्ये माझा प्रयोग जमला. टाळ्या वाजल्या, सरांनी पेढे मागवले. मी जिन्यात आले, तुला फोन लावायला मोबाइल काढला आणि तशीच उभी राहिले. म्हणून हे पत्र. दुसरं काय करू?

धुळं सोडून आपण सिल्वासाला आलो. तू यार्नच्या, म्हणजे धाग्याच्या कंपनीत लागलीस आणि मला शिकवलंस. ड्यूटीवरून आलीस की फोन करून विचारायचीस, "आज काय शिजवलं गं लॅबमध्ये?" मी सांगायचे, आमचे सूक्ष्म कण कॅन्सरच्या पेशीत शिरतात. प्रकाश पडला की आतल्या ऑक्सिजनला चेतवतात आणि तो ऑक्सिजनच पेशीला मारतो.

"आपण श्वासात घेतो तोच? बाई गं!"

मग तुझ्याच स्वादुपिंडात गाठ निघाली. दादा रडला. उलट तूच त्याची समजूत काढलीस, "आपली सुनू आहे ना! तिचं उजेडाचं औषध आहे."

"नाही गं वहिनी," मला सांगावं लागलं. "ते अजून काचेच्या बशीतल्या पेशींवरच तपासतोय आम्ही. आणि इतक्या खोल उजेड पोचतच नाही."

"मग पोट उघडून आत बल्ब लाव!" तू हसलीस. मला का नाही गं हसू आलं?

केमोने तू वाळत गेलीस. एका शनिवारी घरी आले, तर तू गॅलरीत भर उन्हात, पोटावरचा पदर बाजूला करून बसलेली.

"वहिनी, औषधाशिवाय नुसत्या उन्हाने काही होत नाही!"

"ठाऊक आहे. बसू दे थोडं."

मी शेजारी बसले. डोळे मिटून तू माझा हात धरून ठेवलास. पुढच्या शनिवारी तू अंथरुणावरून उठलीच नाहीस. मग गेलीसच.

आज उजेडातल्या पेशी मेल्या, अंधारातल्या जगल्या. दादाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हिला लागू पडलं असतं?"

"नाही, दादा. आजही नाही."

"बरं झालं. नाहीतर थोडक्यात वाचायची राहिली म्हणून जन्मभर जळत राहिलो असतो."

त्याला तेवढा तरी आधार मिळाला. मला तोही नाही! तू घर ओढलंस म्हणून मी एवढं शिकले, आणि तुझ्या वेळी माझ्या हातात काय होतं?

पुन्हा त्या लॅबची पायरी चढावीशी वाटत नाही. तरी सोमवारी जाईन. कशासाठी, ते विचारू नकोस. आज एवढंच वचन देता येतंय.

तुझी,
सुनू