इतिहासाला धने, विज्ञानाला ओवा

अप्पा, पास झाले! खात्याच्या परीक्षेत, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तिसऱ्या आणि शेवटच्या संधीला. आता मी नापास झाले असते तर रिटायर होईपर्यंत त्याच टेबलावर आवक-जावक करत बसले असते. ऑफिसात यादी लागली तेव्हा मी स्वतःचं नाव चारदा वाचलं, पाचव्यांदा शेजारणीला वाचायला लावलं. आणि खरं सांगू का, लवंगेनं पास केलं मला.

तुम्ही आत्ता हसला असता. गिरणीत पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून म्हणाला असता, "मग? म्या काय सांगत हुतो?" तुम्हांला अक्षरओळख नव्हती, म्हणून डब्यांवर नावं नसायची. पंचवीस डबे रांगेत, सगळे सारखे, आणि तुम्ही नुसतं झाकण उघडून वास घेत होता. हिची मालदांडी ज्वारी कडुलिंबाच्या पाल्यातली, तिची कोठीतली जुनी, हिच्या गव्हाला एरंडेल. बायका संध्याकाळी यायच्या, तुम्ही न विचारता जिचं पीठ तिच्या हातात. एकदाही अदलाबदल नाही. त्याचा केवढा तोरा होता तुम्हांला! मी दहावीला गेले तेव्हा तीच अक्कल तुम्ही माझ्या अभ्यासाला लावलीत. इतिहासाला धने, विज्ञानाला ओवा, गणिताला सुंठ. प्रत्येकाची फडक्यात बांधलेली पुरचुंडी. "वाचताना हुंगायचं, पेपरात बी तेच हुंगायचं. वास आला की धडा मागनं येतोय बघ. लई सोपं हाय."

या वेळी मी तेच केलं. दोनदा आपटल्यावर माणूस काहीही करतो. रजेचे नियम, ती प्रवासभत्त्याची भानगड, सगळं लवंग हुंगत पाठ केलं. हॉलमध्ये प्रश्न बघितला आणि डोकं कोरं. लवंग बांधलेला रुमाल नाकाशी नेला मात्र, अर्जित रजा, परिवर्तित रजा, असाधारण रजा, शहाण्यासारख्या एकामागून एक हजर! पर्यवेक्षकांना वाटलं मला सर्दी झालीय. आता अभ्यासही दणकून केला होता, नाही असं नाही. पण अप्पा, लवंगेचं श्रेय मी कुणाला देणार नाही.

आणि म्हणूनच तो दहावीचा इतिहासाचा पेपर सारखा आठवतोय. मी रडत गिरणीत आले होते. तुम्ही पट्टा थांबवलात, चालू गिरणी कधी थांबवायचा नाहीत तुम्ही. मी म्हटलं, "तुम्ही धन्याच्या जागी ओवा दिलात. इतिहासात मला आम्लं नि क्षारच आठवत बसले." तुम्ही म्हणालात, "बघू, दी हिकडं." मी म्हटलं, पुरचुंडी हरवली. तुम्ही दोन्ही तळहात नाकाशी नेऊन बराच वेळ हुंगत उभे राहिलात. मग म्हणालात, "चुकलं आसंल. वय झालं की." अहो, पन्नाशीही नव्हती तुमची! दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बायकांना विचारायला लागलात, "बाई, ह्यो तुमचाच डबा न्हवं?" पुढं माझ्याकडून सगळ्या डब्यांवर रंगानं नावं घालून घेतलीत, तुम्हांला वाचता येत नसताना. उचलायच्या आधी मला हाक मारून खात्री करायचात. शेवटपर्यंत.

आज पेढे वाटताना सगळे म्हणाले, मॅडम, गुपित काय? मी रंगात आले होते. लवंग सांगितली, तुमच्याबद्दल सांगितलं, आणि त्या ओघात ओव्याचा किस्साही सांगितला. वडिलांनी पुरचुंडी चुकवली आणि पोरगी इतिहासात आम्लं लिहून आली! साहेबांसकट सगळं ऑफिस पोट धरून हसलं. मीही हसले.

अप्पा, त्या पुरचुंडीत धनेच होते. आदल्या दुपारी मी मैत्रिणीबरोबर मॅटिनीला गेले होते, पुस्तक उघडलंच नव्हतं. पुरचुंडी मी येताना गटारीत टाकली, तुम्ही हुंगून ओळखाल म्हणून. हे तुम्हांला कधी सांगितलं नाही, ते एक वेळ भीतीनं म्हणा. आज कुणाची भीती होती मला? आजही त्या सगळ्यांना खरं नाही सांगितलं.